बिनकाट्याच्या वेलीचे गाव : सांता रोझा

सॅन फ्रान्सिस्को शहर मागे टाकून गोल्डन गेटचा तांबडा पूल ओलांडला, की महामार्ग क्रमांक १०१ उत्तरेकडे वळणे घेत निघतो. उन्हाळ्याचे दिवस असतील तर दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवरील गवत वाळून सोन्यासारखे पिवळे पडलेले असते आणि त्यांत मधूनमधून ओकची गडद हिरवी झाडे उभी असतात. सुमारे ९० किलोमीटर अंतर कापल्यावर सोनोमा परगण्याचे मुख्य ठाणे असलेले सांता रोझा लागते. पावणेदोन लाखांच्या आसपास वस्तीचे हे शहर. बहुतेक प्रवासी या भागात येतात ते द्राक्षांचे मळे आणि मद्याचे कारखाने पाहण्यासाठी. मद्याला न शिवणाऱ्या कुटुंबासाठी मार्गदर्शक पुस्तकांत येथे फारसे काही सांगितलेले नसते. परंतु शहराच्या ऐन मध्यावर, सांता रोझा अ‍ॅव्हेन्यूच्या कडेला, एक लहानशी जुनी बाग आहे आणि तेवढ्यासाठी वाट वाकडी करावी अशी तिची योग्यता आहे.

ही बाग ल्यूथर बर्बँक यांची. पांढरे घर, त्यालगत १८८९ साली बांधलेले काचघर आणि भोवती त्यांनी घडवलेल्या वनस्पतींचे वाफे, एवढाच तिचा पसारा. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात सांता रोझाची बाजारपेठ जमीनदोस्त झाली, पण हे काचघर उभे राहिले. एका कोपऱ्यात निवडुंगाची रुंद, गुळगुळीत पाने दिसतात. येणारे मूल प्रथम त्यांना भीतभीत बोट लावते आणि मग हसून संपूर्ण तळहात फिरवते, कारण त्या पानांना काटे नाहीत. काटा नाहीसा करणे हा बर्बँक यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. निवडुंगाप्रमाणेच त्यांनी ब्लॅकबेरीच्या मागेही तो लावला, आणि निवडुंगापेक्षा ब्लॅकबेरीची कथा अधिक दूरवर पोचली.

महाराष्ट्रातील वाचकाला ब्लॅकबेरी समजावून द्यायची तर करवंदीच्या जाळीची आठवण द्यावी लागते. तोच काळाभोर रंग, तीच आंबटगोड चव, जाळीत हात घातल्यावर मनगटावर उमटणारे तेच ओरखडे. साम्य मात्र एवढ्यावरच संपते. करवंद हे एकसंध फळ आहे. ब्लॅकबेरी म्हणजे तुतीसारखा, रसाने टच्च भरलेल्या बारीक मण्यांचा घोस, आणि प्रत्येक मण्यात एक बी. करवंदीचा काटा खोडाच्या आतून येतो, लाकडासारखा टणक असतो. ब्लॅकबेरीचा काटा गुलाबाच्या काट्याप्रमाणे केवळ सालीतून उगवतो. हा फरक किरकोळ वाटला, तरी पुढच्या साऱ्या हकिगतीची किल्ली त्यातच आहे.

बर्बँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लँकेस्टर येथे झाला. बाविशी-तेविशीत असताना त्यांना आपल्या बटाट्याच्या शेतात एका झाडावर बियांचे बोंड आढळले. बटाट्याला बी क्वचितच धरते. त्या बोंडातील २३ बिया त्यांनी पेरल्या आणि त्यांतल्या एका रोपाने मोठा, गुळगुळीत, भरघोस उत्पन्नाचा बटाटा दिला. त्याचे हक्क त्यांनी ५०० डॉलरना देऊ केले होते. बियाणे-व्यापाऱ्याने १५० डॉलर मोजले. त्या रकमेच्या बळावर आणि विक्रीच्या अटीनुसार स्वतःजवळ ठेवलेले दहा बटाटे घेऊन हा तरुण १८७५ साली कॅलिफोर्नियाला आला. त्या बटाट्यापासून पुढे निपजलेला खडबडीत सालीचा प्रकार, ‘रसेट बर्बँक’, हाच आज अमेरिकेतील तळलेल्या बटाट्याच्या प्रचंड व्यापाराचा एक मुख्य आधार आहे. १५० डॉलरच्या त्या सौद्याची बेरीज आज कोणी मांडू जाईल तर आकडेही अपुरे पडतील. सौदा मात्र रीतसर होता. विकणाऱ्याने विकला, घेणाऱ्याने घेतला.

सांता रोझा येथे स्थिरावल्यावर बर्बँक जगभरच्या बियाणे-संग्राहकांशी पत्रव्यवहार करीत. १८८५ च्या सुमारास हिंदुस्थानातून त्यांच्याकडे एका ब्लॅकबेरीच्या बिया आल्या. त्यांची रोपे अतिशय जोमदार निघाली, फळ मोठे व गोड निघाले. बर्बँक यांनी त्या वाणाला ‘हिमालया जायंट’ असे नाव देऊन ते बाजारात आणले. नाव खपणारे होते, पण खरे नव्हते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले, की ही जात मूळची आर्मेनिया व उत्तर इराण या भागातली. म्हणूनच तिचे शास्त्रीय नाव ‘रुबस आर्मेनिअ‍ॅकस’. लोकांच्या तोंडी मात्र ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ हेच नाव कायम झाले आणि ज्या पर्वताशी तिचा संबंध नाही त्याच्या माथी तिचे सारे अपराध बसले.

अपराध हा शब्द येथे जड नाही. सांता रोझाहून सेबास्टोपोलकडे जाताना ओढ्यांच्या काठाने पाहावे. उंच, बोटभर जाड, तांबूस काट्यांनी भरलेल्या फांद्यांच्या भिंतीच्या भिंती उभ्या असतात. फांदी वाकून तिचे टोक जमिनीला टेकले की तेथे मूळ धरते. पक्षी फळे खातात आणि बिया दूर टाकतात. फलन झाले नाही तरी बी तयार होऊ शकते. कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंतच्या सबंध किनारपट्टीवर तिने स्थानिक झुडपांना हुसकावून ओढेकाठ व्यापले आहेत. ती काढण्यासाठी शेळ्या चारतात, मुळांचे गड्डे खणून काढतात, आणि एखादा गड्डा जरी राहिला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑगस्ट महिन्यात मात्र तेच शेतकरी, जे वर्षभर तिला शिव्या देतात, पोराबाळांसह बादल्या घेऊन तिची फळे वेचताना दिसतात. ज्याने पश्चिम अमेरिकेला तिथले सर्वांत उपद्रवी काटेरी कुंपण दिले, त्यानेच बिनकाट्याची ब्लॅकबेरी घडवण्यासाठी वर्षे खर्ची घातली. दोन्ही कामे एकाच हाताची, आणि एकाच बाजारासाठी केलेली.

बर्बँक यांची पद्धत सोपी होती आणि तिच्यात कठोरपणाही होता. ते हजारोंच्या संख्येने रोपे वाढवीत, त्यांतून नजरेने चारदोन निवडीत आणि उरलेली उपटून जाळून टाकीत. सेबास्टोपोल येथील त्यांच्या १८ एकरांच्या ‘गोल्ड रिज’ शेतावर अशा होळ्या नित्याच्या होत्या. परमहंस योगानंद १९२४ साली त्यांना सांता रोझा येथे भेटले. मराठीत ‘योगी कथामृत’ म्हणून परिचित असलेले योगानंदांचे आत्मचरित्र १९४६ साली प्रसिद्ध झाले. ते बर्बँक यांच्या स्मृतीस अर्पण केलेले आहे. निवडुंगाशी प्रेमाने बोलून, आता तुला संरक्षणाची गरज नाही असे समजावून आपण त्याला काटे टाकायला लावले, असे बर्बँक यांनी सांगितल्याचे त्यात येते. ही कथा भारतीय वाचकाला सुखावणारी आहे. तरीही शेकोटीत गेलेल्या रोपांचा हिशेब तिच्यात येत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आणि हिशेब हीच बर्बँक यांची उणी बाजू. वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनने १९०५ पासून त्यांना दरसाल १०,००० डॉलरचे साहाय्य देऊ केले, त्यांची पद्धत शास्त्राच्या भाषेत लिहून घेण्यासाठी एक तरुण शास्त्रज्ञही पाठवला. तो शास्त्रज्ञ विचारी, कोणत्या झाडाचा कोणत्या झाडाशी संकर केला, कोणत्या साली, किती रोपे आली. आणि उत्तर बहुधा स्मरणातून मिळे. नोंदी नव्हत्या, असल्या तरी अपुऱ्या होत्या. काही वर्षांनी ते साहाय्य बंद झाले. बर्बँक यांनी पाया म्हणून नेमकी कोणती झाडे वापरली याचा उलगडा म्हणूनच अवघड जातो. त्यांच्या नावाने ओळखली गेलेली बिनकाट्याची ब्लॅकबेरी ही युरोपातील ‘रुबस अल्मिफोलिअस’ या रानटी जातीच्या बिनकाटी प्रकारातली असावी, असे नंतरचे अभ्यासक मानतात. रोजमेळ न ठेवणाऱ्या पेढीचे भांडवल कोठून आले हे जसे पुढच्या पिढीला सांगता येत नाही, तसेच हे झाले.

व्यापाराच्या अंगानेही त्यांची कथा सुखाची नाही. १९१२ च्या सुमारास काही भांडवलदारांनी त्यांचे नाव व वाण विकण्यासाठी एक कंपनी काढली. बिनकाट्याच्या निवडुंगाला इतकी मागणी आली, की पुरवठा होईना. तेव्हा साध्या निवडुंगाचे काटे घासून काढून तो बिनकाट्याचा म्हणून विकला गेला, असा बोभाटा झाला. लावल्यावर नव्या पानांना काटे येत आणि घेणाऱ्याला फसवणूक उमगे. कंपनी काही वर्षांतच दिवाळखोरीत गेली. बर्बँक स्वतः त्या व्यवहारात नव्हते. पण डब्यावर नाव त्यांचे होते, आणि पत गेली तीही त्यांचीच.

११ एप्रिल १९२६ रोजी ते वारले. शोधकाच्या यंत्राला पेटंट होते, झाडाला नव्हते. एकदा रोप विकले की दुसऱ्या दिवसापासून कोणीही त्याची कलमे करून विकावीत. ही स्थिती १९३० च्या कायद्याने बदलली; त्या कायद्याच्या बाजूने बर्बँक यांच्या पत्नीने व टॉमस एडिसन यांनी आपले वजन खर्च केले. बर्बँक यांच्या काही वाणांना त्यांच्या मृत्यूनंतर पेटंटे मिळाली. गंमत अशी, की या कायद्यातून कंदापासून वाढणारी पिके वगळलेली होती; म्हणजे तो कायदा १८७५ साली असता तरी बटाट्याच्या बाबतीत त्यांचे नशीब उघडले नसतेच.

पुढचे काम संस्थांनी केले. इंग्लंडच्या जॉन इनिस संस्थेने अल्मिफोलिअसचा बिनकाटी गुण घेऊन ‘मर्टन थॉर्नलेस’ ही जात घडवली. अमेरिकेच्या कृषी खात्याने तो गुण पुढे नेला आणि १९६६ साली ‘स्मूथस्टेम’ व ‘थॉर्नफ्री’ या जाती दिल्या. आर्कान्सा विद्यापीठाच्या क्लार्क्सव्हिल येथील केंद्रात जेम्स मूर यांनी १९६४ साली काम सुरू केले. आधाराशिवाय सरळ उभी राहणारी पहिली बिनकाटी जात, ‘नावाहो’, यायला १९८८ साल उजाडले. इतका काळ का लागला, याचे उत्तर गणितात आहे. बिनकाटीपणा हा दबून राहणारा गुण असून या ब्लॅकबेरीत प्रत्येक गुणाच्या चार प्रती असतात. चारही प्रती बिनकाटी जुळल्या तरच फांदी गुळगुळीत होते. काटेरी आणि बिनकाटी यांच्या पहिल्या संकरात सगळीच रोपे काटेरी निघतात. त्यांचा आपसांत संकर केला तर दर ३६ रोपांत सरासरी एक बिनकाटी. त्या एकाचे फळ गोड, मोठे आणि टिकाऊ असेलच असे नाही.

ऑरेगन राज्यात १९२० च्या दशकात सापडलेली ‘थॉर्नलेस एव्हरग्रीन’ ही जात याहून चमत्कारिक आहे. तिचा केवळ बाहेरचा थर बिनकाटी असतो, आतले सर्व काटेरीच. काटा सालीतून उगवत असल्यामुळे वरून झाड निरुपद्रवी दिसते. परंतु कुदळीने मूळ दुखावले गेले की आतल्या थरातून फुटवा येतो आणि तो पूर्वजांसारखाच काटेरी असतो. ती जुनी जात घेणाऱ्याने मुळांशी खणू नये आणि काटेरी फुटवा दिसताच काढून टाकावा. आर्कान्साच्या किंवा कृषी खात्याच्या जातींत ही खोड नाही.

सांता रोझाच्या घरगुती परसांत आज बहुधा याच जाती दिसतात. गेल्या काही दशकांत संगणक व्यवसायाच्या निमित्ताने सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात वसलेल्या मराठी व गुजराती कुटुंबांच्या कुंपणांवरही त्या चढल्या आहेत. जागा फारशी लागत नाही. पानगळीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, मातीविना उघड्या मुळांची रोपे रोपवाटिकांत मिळतात. दिवसातून सहा-आठ तास ऊन, पाण्याचा निचरा होणारी आणि किंचित आम्लधर्मी जमीन, साधारण ५.५ ते ६.५ सामू, इतके असले की पुरे. ‘नावाहो’ किंवा ‘वाशिटा’ यांसारखी सरळ वाढणारी रोपे मीटर-सव्वा मीटरवर लावतात. ‘ट्रिपल क्राउन’ किंवा ‘चेस्टर’ यांसारखी लवणारी असतील तर दीड ते दोन मीटर अंतर आणि दोन तारांचा आधार हवा. सोनोमात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून ठिबक आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन, ही दोन्ही चुकवून चालत नाहीत.

छाटणी ऐकायला अवघड, करायला सोपी. मूळ अनेक वर्षे जगते, फांदी मात्र दोनच वर्षे. पहिल्या वर्षी धुमारा नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी त्याला फुले-फळे येतात आणि मग तो मरतो. म्हणून फळे संपताच जुन्या फांद्या जमिनीलगत कापायच्या आणि नव्या तारेला बांधायच्या. नवा धुमारा कमरेच्या वर आला की त्याचा शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूला फांद्या फुटतात व पुढच्या वर्षी फळांचे घोस वाढतात. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला यात नवे काही वाटणार नाही. काटेरी जातीत हीच छाटणी जाड कातडी हातमोजे घालून, लांब बाह्यांचा सदरा घालून करावी लागे. बिनकाटी जातीत आजी उघड्या हाताने करते आणि नातू शेजारी उभा राहून फळे तोंडात टाकतो. फळ चकाकते तोवर काढू नये. चकाकी जाऊन काळा रंग मंद झाला आणि हलक्या ओढीने सुटले, म्हणजे पिकले. आंब्याप्रमाणे ते खुडल्यावर पिकत नाही.

काटा गेल्याची किंमतही आहेच. सोनोमाच्या टेकड्यांवरून उतरणाऱ्या हरणांना बिनकाटी पाला फार आवडतो. माणसाहून उंच कुंपण नसेल तर एका रात्रीत कोवळे शेंडे नाहीसे होतात. दुसरा पाहुणा याहून लहान. डागदार पंखांची एक फळमाशी २००८ साली कॅलिफोर्नियात प्रथम आढळली. इतर फळमाश्या सडक्या फळावर बसतात. ही आपल्या करवतीसारख्या अवयवाने पिकत्या, निरोगी फळात अंडी घालते आणि वरून काहीच दिसत नाही. फळे मिठाच्या पाण्यात बुडवून अळ्या बाहेर काढण्याची तिकडे रीत आहे, पण जैन घराला ती रुचणारी नाही. त्यापेक्षा अळी होऊच न देणे बरे. फुलोरा संपून फळ धरले, मधमाश्यांचे काम झाले, की झाडावर मिलिमीटरहून बारीक छिद्रांची जाळी चढवावी, कडा मातीत दाबाव्यात, पिकलेले फळ दर दोन दिवसांनी काढावे आणि खाली गळलेले पडू देऊ नये. जून-जुलैत लवकर पिकणाऱ्या जातींना या माशीचा उपद्रव कमी होतो, तेव्हा जाणती मंडळी जात निवडतानाच हा विचार करतात.

आणखी एक गोष्ट व्यापारी घरांना सांगायला नको, तरी लिहून ठेवावी. फांदीचे टोक मातीत पुरून नवे रोप करणे अत्यंत सोपे, आणि शेजाऱ्याला भेट देण्याचा मोहही स्वाभाविक. परंतु पेटंट चालू असलेल्या जातीचे असे रोप करणे, फुकट देण्यासाठी का होईना, कायद्याला मंजूर नाही. ‘ट्रिपल क्राउन’सारख्या कृषी खात्याच्या जुन्या जाती या बंधनातून मोकळ्या आहेत. चिठ्ठी वाचून घ्यावी.

या रोपांना भारतात नेण्याचा विचार मात्र कोणी करू नये. ‘नावाहो’ला हिवाळ्यात शून्य ते सात अंशांमधली थंडी आठ-नऊशे तास लागते, कमी थंडीच्या जातींनाही काहीशे तास हवेच. कोल्हापूर, सांगली किंवा पुण्याच्या हिवाळ्यात इतकी थंडी मिळत नाही. झुडूप वाढेल, फुलणार नाही. शिवाय २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परवान्याविना रोप किंवा कलम आणता येत नाही, आणि ‘हिमालया जायंट’च्या मूठभर बियांनी काय केले हे सांता रोझाच्या ओढ्यांवर दिसतेच. मुरंबा नेता येतो. ब्लॅकबेरीत स्वतःचे पेक्टिन असते. दोन भाग फळ, सव्वा ते दीड भाग साखर आणि लिंबाचा रस एवढ्यावर तो आळतो, जिलेटिनची गरज पडत नाही. बरणी हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सामानात, कपड्यांच्या घडीत ठेवावी, कारण १०० मिलिलिटरच्या वरचा मुरंबा विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतात.